मोटारीचे एंजिन : लहान की मोठे?

मोटारगाडीच्या माहितीपत्रकात एंजिनाच्या नावापुढे एक आकडा ठळकपणे छापलेला असतो. कोठे तो १.२ लिटर असतो, कोठे १.५ लिटर, तर कोठे २.२ लिटर. ज्या उंच बांध्याच्या, चौकोनी घडणीच्या गाड्यांना हल्ली ‘एसयूव्ही’ असे म्हणतात, त्यांतील अनेक गाड्या एकाच सांगाड्यावर दोन किंवा तीन निरनिराळ्या एंजिनांसह विकल्या जातात, आणि घेणाऱ्यास त्यांपैकी एक निवडावे लागते. मोठा आकडा म्हणजे मोठी शक्ती आणि लहान आकडा म्हणजे इंधनाची बचत, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज सर्वस्वी खोटा नाही; परंतु गेल्या काही दशकांत एंजिनशास्त्रात जी स्थित्यंतरे झाली, त्यांमुळे तो बराच अपुरा ठरला आहे.

आकड्याचा अर्थ

एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात एक दट्ट्या खालीवर सरकत असतो. तो वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत येताना जेवढी जागा मोकळी करतो, तेवढे त्या सिलिंडराचे घनफळ. सर्व सिलिंडरांच्या अशा घनफळांची बेरीज म्हणजे माहितीपत्रकातील तो आकडा होय. तेव्हा ‘१.५ लिटर’ हे शक्तीचे माप नव्हे. ते एंजिनाच्या छातीचे माप आहे. एंजिन एका श्वासात किती हवा आत घेऊ शकते, एवढेच त्यावरून समजते.

चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा हवा घेतो. म्हणजे मिनिटाला २,००० फेऱ्या होत असतील, तर १.५ लिटरचे एंजिन मिनिटास १,५०० लिटर हवा ओढील आणि २.२ लिटरचे २,२०० लिटर. इंधन जळण्यास हवेतील ऑक्सिजन लागतो. हवा जितकी अधिक, तितके इंधन अधिक जाळता येते आणि तितका दट्ट्यावरील दाब वाढतो. मोठे एंजिन बलवान का, याचे मूळ उत्तर हे आहे.

येथे दोन कल्पना वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. जात्याचा खुंटा मध्यापासून दूर असला म्हणजे थोड्या जोराने जाते फिरते. जोर आणि मध्यापासूनचे अंतर यांच्या गुणाकारास परिबल म्हणतात, व ते न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला सुमारे ३० किलोग्रॅमचे वजन टांगले, तर ३०० न्यूटन-मीटर परिबल निर्माण होते. परंतु दळण किती निघेल, हे केवळ जोरावर ठरत नाही. जाते किती वेगाने फिरते यावरही ते अवलंबून असते. परिबल आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. जेम्स वॉटच्या काळापासून ती अश्वशक्तीत मोजण्याचा प्रघात आहे. एक अश्वशक्ती म्हणजे साधारण पाऊण किलोवॉट. गाडी चढावर रेटली जाते ती चाकाशी पोचलेल्या परिबलाने. परंतु ती तो चढ किती वेगाने चढेल, हे शक्तीवर ठरते.

तीन एंजिने

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप सर्वांच्या परिचयाची आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तिच्या जुळणीस मुंबईत आरंभ झाला, आणि आज नाशिक येथे तयार होणारी महिंद्रा कंपनीची ‘थार’ ही गाडी त्याच वंशातील आहे. जीपचे पेट्रोल एंजिन सुमारे २.२ लिटरचे होते. ते ६० अश्वशक्ती देई, आणि त्याचे कमाल परिबल सुमारे १४२ न्यूटन-मीटर होते. २०२० साली आलेल्या नव्या थारमधील डीझेल एंजिनही जवळजवळ तेवढ्याच, म्हणजे सुमारे २.२ लिटर घनफळाचे आहे. परंतु त्याची शक्ती सुमारे १३० अश्वशक्ती व परिबल ३०० न्यूटन-मीटर आहे. घनफळ तेच राहून शक्ती व परिबल दोन्ही दुपटीवर गेली.

पुढची घटना अधिक बोधप्रद आहे. जानेवारी २०२३ मध्ये याच गाडीत १.५ लिटरचे लहान डीझेल एंजिन बसविण्यात आले. त्याची शक्ती सुमारे ११८ अश्वशक्ती, म्हणजे मोठ्या एंजिनापेक्षा थोडी कमी. परंतु परिबल मात्र तेच, ३०० न्यूटन-मीटर. घनफळ जवळजवळ एकतृतीयांशाने घटले, तरी परिबल तसूभरही घटले नाही. हे कसे घडले?

याचे उत्तर टर्बोचार्जर या उपकरणात आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. एंजिनातून बाहेर पडणारे तप्त निष्कास वायू एरव्ही वाया जातात. त्यांच्या वाटेत एक लहान चक्र बसविले, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे दुसरे चक्र बसविले, म्हणजे फेकून द्यावयाच्या ऊर्जेवर एंजिनात जादा हवा कोंबता येते. लहान छातीला मोठा श्वास मिळतो तो असा. ही चक्रे मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या करतात. वरील दोन्ही डीझेल एंजिनांना टर्बोचार्जर आहे. जुन्या जीपला तो नव्हता.

तथापि निसर्ग काही फुकट देत नाही. परिबल आणि घनफळ यांवरून दट्ट्यावर पडणाऱ्या दाबाची सरासरी गणिताने काढता येते. ती जीपच्या एंजिनात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८ किलोग्रॅम येते, २.२ लिटरच्या डीझेल एंजिनात १७ ते १८ आणि १.५ लिटरच्या एंजिनात २५ किलोग्रॅमहून थोडी अधिक. (ही सरासरी आहे, ज्वलनाच्या क्षणी होणारा दाब याच्या कितीतरी पट असतो.) लहान एंजिन मोठ्याइतके काम करते, पण ते करताना त्याच्या दट्ट्यावर, दांड्यांवर आणि धारव्यांवर जवळजवळ दीडपट भार पडतो. ते त्याच बेताने बांधलेले असते, म्हणून ते लवकर मोडेल असे समजण्याचे कारण नाही. मात्र वंगणतेलाची प्रत, ते वेळेवर बदलणे, आणि लांबच्या चढावानंतर एंजिन एकदम बंद न करता क्षणभर मंद चालू ठेवणे, या गोष्टींत हयगय केल्यास लहान एंजिन ती कमी सोसते. टर्बोचार्जरचा दांडा तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो.

माहितीपत्रकातील आणखी एक ओळ बहुतेकजण वाचीत नाहीत. मोठे एंजिन आपले ३०० न्यूटन-मीटर परिबल मिनिटास १,६०० ते २,८०० फेऱ्यांच्या टप्प्यात देते. लहान एंजिन १,७५० ते २,५०० फेऱ्यांच्या. शिखराची उंची एकच, पण एका डोंगराचा माथा १,२०० फेऱ्यांइतका रुंद आणि दुसऱ्याचा ७५० फेऱ्यांइतका. माथा अरुंद असला म्हणजे त्यावर टिकून राहण्यासाठी चालकाला गिअर वारंवार बदलावा लागतो. दोन एंजिनांतील खरा फरक येथे आहे, आणि जाहिरातीत तो कधीही येत नाही.

रस्ता किती शक्ती मागतो?

आता उलट बाजूने विचार करू. गाडीत किती शक्ती आहे, यापेक्षा रस्ता किती मागतो, हे आधी पाहिले पाहिजे.

माणसे व सामान धरून २,००० किलोग्रॅम वजनाची, चौकोनी घडणीची गाडी घेऊ. सपाट रस्त्यावर तिला दोन विरोध होतात : चाकांचे घर्षण आणि हवेचा अडथळा. पहिला वेगाप्रमाणे फारसा बदलत नाही. दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा गाडीसाठी साधारण मूल्ये धरून हिशोब केला, तर ताशी ८० किलोमीटर वेगास सुमारे २० अश्वशक्ती, १०० किलोमीटर वेगास ३३ आणि १२० किलोमीटर वेगास ५२ अश्वशक्ती लागतात. वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या घाटात तीच गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने न्यावयाची, तर सुमारे २० अश्वशक्ती पुरतात. वातानुकूलन यंत्रासाठी आणखी चार-पाच धराव्यात.

ज्याने ११८ आणि १३० अश्वशक्तींची तुलना करण्यात आठवडा घालविला आहे, त्याला हे आकडे पाहून आश्चर्य वाटेल. नेहमीच्या प्रवासात लहान एंजिनाचीदेखील निम्मी शक्ती वापरली जात नाही. सायकलरिक्षा, बैलगाड्या व माणसे यांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या शहरी गाडीला तर पंधरा अश्वशक्तीदेखील क्वचितच लागतात.

लहान एंजिन इंधन का वाचविते, हेही यावरून कळते. दोन माणसांचा भात पन्नास माणसांच्या पातेल्यात शिजवावा, तर तांदळापेक्षा पातेले तापविण्यातच सरपण अधिक जळते. मोठे एंजिन अल्प भारावर चालते, तेव्हा तसेच होते. त्याचे मोठे दट्ट्ये, जड दांडे आणि रुंद धारवे यांच्या घर्षणाचा खर्च, काम थोडे असो वा पुष्कळ, चुकत नाही. पेट्रोल एंजिनात आणखी एक तोटा असतो. शक्ती कमी करण्यासाठी तेथे हवेची वाट झडपेने अरुंद करतात, आणि त्या अरुंद वाटेने हवा ओढण्यात दट्ट्याची शक्ती खर्ची पडते. लहान एंजिनाला तेच काम करताना झडप अधिक उघडी ठेवावी लागते, म्हणून हा तोटा घटतो. भारतात २०१३ मध्ये आलेल्या फोर्ड इकोस्पोर्ट या गाडीत १ लिटरचे, टर्बोचार्जर असलेले तीन सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन १२५ अश्वशक्ती देत असे, आणि त्याच गाडीतील टर्बोचार्जर नसलेले १.५ लिटरचे एंजिन ११२.

समजा, एक गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि मोठ्या एंजिनाची तीच गाडी १३ किलोमीटर. वर्षाला १२,००० किलोमीटर प्रवासात हा फरक सुमारे १२३ लिटर डीझेलचा होतो. एक लिटर डीझेल जळाले म्हणजे सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. तेव्हा वर्षाला ३३० किलोग्रॅम वायू एका निवडीवर अवलंबून राहिला.

परंतु भार वाढला की हा लाभ आटतो. मागे ओढगाडी जोडून किंवा टपावर सामान लादून दिवसभर चढाव चढणाऱ्या लहान एंजिनाला सतत कमाल दाबाने काम करावे लागते. अशा वेळी पेट्रोल एंजिन स्वतःला थंड ठेवण्यासाठी गरजेहून अधिक इंधन आत सोडते, आणि कागदावरची बचत रस्त्यावर दिसेनाशी होते. प्रयोगशाळेतील ठरीव चाचणीत गाडी बहुतांशी अल्प भारावर चालते, म्हणून त्या आकड्यांत लहान एंजिन नेहमीच उठून दिसते.

शिलकी शक्तीची किंमत

मग मोठ्या एंजिनाचा उपयोग काय? त्याचा उपयोग थोड्या क्षणांपुरता असतो. पण त्यांपैकी काही क्षण जिवावरचे असतात.

दुपदरी रस्त्यावर मालट्रक ओलांडून पुढे जावयाचे आहे, असे समजा. वेग ताशी ६० वरून ९० किलोमीटरवर न्यावयाचा. २,००० किलोग्रॅमच्या गाडीला त्यासाठी सुमारे ३४७ किलोजूल गतिज ऊर्जा द्यावी लागते. एंजिनाच्या कमाल शक्तीपैकी सरासरी साठ टक्के शक्ती हाती येते असे धरले, आणि हवेचा व चाकांचा विरोध वजा केला, तर ११८ अश्वशक्तीच्या गाडीला सुमारे ८.९ सेकंद लागतील आणि १३० अश्वशक्तीच्या गाडीला ७.७ सेकंद. फरक सव्वा सेकंदाचा. पण समोरून ताशी ८० किलोमीटर वेगाने दुसरे वाहन येत असेल, तर तेवढ्या वेळात दोन्ही वाहनांमधील सुमारे ५० मीटर अंतर संपते. ५० मीटर म्हणजे चार-पाच बसगाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी जागा.

या हिशोबाचा दुरुपयोगही होऊ शकतो. मोठ्या एंजिनाच्या भरवशावर जो चालक अधिक अरुंद फटीत गाडी घालतो, त्याने ते ५० मीटर आधीच खर्च केलेले असतात.

विरळ हवेत

लडाखमधील खारदुंग ला ही खिंड समुद्रसपाटीपासून ५,३५९ मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. चढणाऱ्या माणसाला जशी धाप लागते, तशी ती एंजिनालाही लागते. टर्बोचार्जर नसलेल्या एंजिनाची तेथे सुमारे निम्मी शक्ती नाहीशी होते.

टर्बोचार्जर ही उणीव पुष्कळशी भरून काढतो. विरळ हवा तो अधिक दाबतो. परंतु त्याच्या फिरण्याच्या वेगाला मर्यादा आहे, आणि ज्या लहान एंजिनात तो सपाटीवरच अधिक दाब देत असतो, तेथे ती मर्यादा आधी गाठली जाते. मग एंजिनाचा नियंत्रक इंधन कमी करतो.

दुसरी अडचण वळणावर येते. चढावरील तीव्र वळणावर गाडी जवळजवळ थांबते आणि एंजिनाच्या फेऱ्या हजार-बाराशेपर्यंत उतरतात. निष्कास वायूंचा झोत मंदावतो आणि टर्बोचार्जरचे चक्र सुस्त होते. ते पुन्हा वेग घेईपर्यंत एंजिनाला स्वतःच्या छातीवरच विसंबावे लागते. अर्ध्या दाबाच्या हवेत १.५ लिटरचे एंजिन त्या क्षणी पाऊण लिटरच्या एंजिनासारखे वागते, आणि २.२ लिटरचे १.१ लिटरच्या एंजिनासारखे. दोन टन वजन, पहिला गिअर, मागे दरी, आणि पायाखाली पाऊण लिटरचे एंजिन! चालक कसलेला असेल तर तो फेऱ्या उतरू देत नाही, क्लच सांभाळतो आणि गाडी निघते. पण वर्षातून अनेकदा अशा प्रदेशात ज्याला जावयाचे आहे, त्याने मोठ्या घनफळाची इच्छा धरली, तर तो केवळ हौसेपोटी तसे करतो असे म्हणता येणार नाही. वाळूत किंवा चिखलात रुतलेली गाडी हळूहळू बाहेर काढतानाही हाच प्रसंग येतो.

कायद्याची पट्टी

भारतात या निवडीत तिसरा पक्ष आहे, तो म्हणजे करपद्धती. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारीची व्याख्या करण्यात आली : लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल एंजिन १,२०० घन सेंटिमीटरपर्यंत व डीझेल एंजिन १,५०० घन सेंटिमीटरपर्यंत. अशा मोटारीवरील कर कमी झाला. पुढे करांची नावे व दर बदलले, पण ही पट्टी टिकून राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेत बसणाऱ्या मोटारीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे आणि त्याबाहेरच्या मोटारीवर ४० टक्के. कारखान्यातून निघताना दोन्ही गाड्यांची किंमत ८ लाख रुपये धरली, तर केवळ कराने त्यांत १ लाख ७६ हजार रुपयांचे अंतर पडते.

४ मीटरहून किंचित आखूड असलेल्या थारमध्ये १.५ लिटरचे एंजिन का आले, हे आता सांगावयास नको. त्याचे घनफळ १,४९७ घन सेंटिमीटर आहे. हे घनफळ रस्त्याने ठरविलेले नाही, राजपत्राने ठरविलेले आहे. एवढेच नव्हे, तर २०२३ मध्ये ते एंजिन आले तेव्हा त्याबरोबर केवळ मागच्या चाकांना गती देणारी रचना मिळे. चारही चाकांना गती हवी असल्यास मोठे एंजिनच घ्यावे लागे. तेव्हा घेणारा एंजिन निवडतो असे वाटले, तरी पुष्कळदा तो एक गाठोडे निवडीत असतो.

घनफळाच्या पट्टीने मोजण्याचा याहून विलक्षण प्रयोग दिल्लीत झाला. शहरातील हवेच्या प्रदूषणामुळे सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी दिल्ली व तिच्या परिसरात २,००० घन सेंटिमीटर व त्याहून मोठ्या डीझेल एंजिनाच्या खाजगी मोटारींची नोंदणी थांबविली. पुढच्याच महिन्यात महिंद्रा कंपनीने आपल्या दोन गाड्यांत २.२ लिटरऐवजी १.९९ लिटरचे एंजिन बसविले. अश्वशक्ती पूर्वीइतकीच राहिली. दर फेरीला जळणारे इंधन आणि धुराड्यातून निघणारे वायू यांत एवढ्याशा कपातीने कितीसा फरक पडणार? हवा कशामुळे बिघडते, तर निष्कास वायूंतील काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांमुळे. आणि ती किती निघतील हे ज्वलनाची रीत, इंधनातील गंधकाचे प्रमाण व धुराड्यातील गाळणी यांवर ठरते, सिलिंडराच्या घनफळावर नव्हे. १२ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाने ही बंदी उठविली आणि तिच्या जागी गाडीच्या किमतीच्या एक टक्का इतका पर्यावरण अधिभार बसविला. तो आकारतानाही २,००० घन सेंटिमीटर हीच सीमा कायम राहिली.